दिव्याभोवती खळं

२८ मे २००६, रविवार

माझ्या लेकीच्या, ऋचाच्या वाढदिवसाला कोणीतरी दिलेली ही डायरी तिला नको होती, म्हणून माझ्याकडे आली. लॅबच्या वहीत मत लिहायला बंदी असते. काय घातलं आणि काय निघालं, एवढंच लिहायचं. मतं साठत जातात आणि संध्याकाळी शिरीषला ऐकावी लागतात. तेव्हा ही डायरी म्हणजे नवऱ्यावर केलेला उपकार समजावा.

तर लॅबमध्ये खिडकीपाशी काचेच्या चार उंच नळ्या उभ्या आहेत. आत पाइनच्या सालीचा भुगा आणि त्यावर पोसलेले माझे जंतू. वरून सांडपाणी सोडायचं आणि खालून निघेल ते तपासायचं. माणसं औषधं गिळतात, त्यातलं बरंचसं शरीरातून तसंच बाहेर पडतं आणि शेवटी नदी-समुद्रात जातं. त्यातल्या डायक्लोफिनॅकच्या मागे आम्ही लागलोय, म्हणजे गुडघे दुखले की घरोघरी घेतात ती गोळी. पूर्वी मी जुन्या लाकूड-कारखान्यांच्या जमिनीत मुरलेलं विष खाणारे जंतू शोधायचे, हे त्यांच्यापैकीच. इथल्या उन्हाळ्यापासून, म्हणजे जानेवारीपासून, माझी ही पोरं वरून घातलेलं औषध जवळजवळ सगळं फस्त करताहेत. ऑगस्टात अहवाल द्यायचा आहे. तो पटला तर पुढची दोन वर्षं काम चालू राहील.

नानांना हे फार आवडतं. माझे वडील पुण्याच्या वेधशाळेतून निवृत्त झाले, पण आभाळ काही त्यांना सोडत नाही. सकाळी डेकवर उभे राहून ते आमच्या अख्ख्या अल्बनी उपनगराचं हवामान मराठीत जाहीर करतात आणि ते बहुतेक खरं ठरतं. आज विचारत होते, "आपल्याकडची गिधाडं याच गोळीनं मेली ना? मेलेल्या ढोरांच्या अंगातलं औषध पोटात गेलं म्हणून?" मी हो म्हटलं. "मग तुझे जंतू थोडे आधी जन्मायला हवे होते," म्हणाले.

आई-नाना एप्रिलमध्ये आले. विमानतळावर आईची औषधांची पिशवी उघडल्यावर तिथला माणूस गोंधळूनच गेला होता. नानांच्या हृदयाची, बीपीची, जुलाबाची, चक्करची, आणि 'लागलीच तर' म्हणून अँटिबायोटिकची पाकिटं, सहा महिन्यांचा साठा. पुण्याचे आमचे डॉक्टर मोहनकाका हे सगळं बांधून देतात. हृदयाची ती डिगॉक्सिनची गोळी नानांना न्याहारीनंतर आईच तळहातावर ठेवते. त्या गोळीला शनिवार-रविवार सुटी असते. नाना म्हणतात, सरकारी गोळी आहे. मोहनकाकांनी त्यांना डोस जास्त लावलाय, कारण साध्या डोसनं त्यांची नाडी ताळ्यावर येईचना. "तुझा बाप औषधसुद्धा पचवतो," असं मला फोनवर म्हणाले होते. मी जेवताना म्हटलं, नानांच्या पोटात माझीच एक नळी बसवलेली दिसते. सगळे हसले.

४ जून, रविवार

नानांना खोकला. इथे जूनमध्ये हिवाळा, थंडी अंगात शिरते, घरं लाकडाची आणि हीटर एकाच खोलीत. छातीत घरघर वाजायला लागली तसं शिरीष म्हणाला, "अगं, दाखवून आणू या." उद्या राणीच्या वाढदिवसाची सुटी, आपला दवाखाना बंद, मग सुटीच्या दिवशी उघडं असतं त्या आफ्टर-अवर्स क्लिनिकला जाऊन खोकणाऱ्या पोरांच्यात तीन तास बसायचं. नाना व्हिजिटर व्हिसावर, म्हणजे पहिल्यापासून सगळं सांगत बसा. मी आईची पिशवी उघडली आणि एरिथ्रोमायसिन काढली. नानांनी ही पूर्वी कधी घेतली नव्हती, पण त्यांना पेनिसिलिन चालत नाही म्हणून मोहनकाकांनी मुद्दाम हीच दिली होती.

आई म्हणाली, "मोहनभावजींना एकदा विचारलं असतंस." पुण्यात तेव्हा पहाट होती. एवढ्याशा कारणासाठी म्हाताऱ्या माणसाला काय उठवायचं? "अगं, मी जंतूंचीच डॉक्टर आहे," मी म्हटलं. नानांनी गोळी तोंडात टाकली आणि म्हणाले, "घरचीच डॉक्टर, मोफत सल्ला."

१२ जून, सोमवार

नानांचा खोकला पार गेला. कोर्स परवा पूर्ण केला. आईनं काल कबूल केलं की तुझं बरोबर होतं. असं वाक्य आमच्या घरी दर दहा वर्षांनी एकदा ऐकायला मिळतं, म्हणून नोंद करून ठेवते.

आज सकाळी मात्र गोंधळ. वाऱ्यानं ओटाहुहूला सबस्टेशनात तार तुटली आणि अर्ध्या शहराची वीज गेली. सिग्नल बंद, लिफ्ट बंद, लॅबमध्ये काळोख. माझे पंप थांबले. आमची टेक्निशियन ग्लेनिस हातानं पाणी ओतत होती. ती साठीची आहे, शेतावर वाढलेली, तिला कशाचंही काही वाटत नाही. "शी'ल बी राइट," म्हणाली. होईल सगळं ठीक. दुपारी वीज आली.

२० जून, मंगळवार

ठीक झालेलं नाही. वरून जितकं डायक्लोफिनॅक घालतोय तितकंच खालून येतंय. चारही नळ्यांतून. पोरांनी खाणंच सोडलंय. ग्लेनिसचं म्हणणं, वीज गेली तेव्हा हवा मिळाली नाही म्हणून ते गुदमरले. पण ते काही तासांत मरणारे नव्हेत. मी आज पंप उघडले, नळ्या बदलल्या, भुगा हुंगला. काही कळत नाही आणि ऑगस्ट येतोय. अहवालात काय लिहू, वीज गेली होती?

घरी नानांनीही खाणं सोडलंय. योगायोग बघा. आईनं थालीपीठ केलं तर दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. ज्या माणसाला थालीपिठाच्या वासानं आंघोळ अर्धवट टाकून बाहेर येताना मी पाहिलंय तो म्हणतो, मळमळतंय. मला वाटतं घराची आठवण येतेय. इथे दुपारभर रस्त्यावर एक माणूस दिसत नाही, भाजीवाला नाही, कोणी हाक मारत नाही. शिरीष म्हणतो, वयाचं आहे. आई म्हणते, तुमच्या इथल्या दुधाला वास येतो.

२४ जून, शनिवार

नानांनी आज हवामान जाहीर केलं, "ऊन पिवळं पडलंय." ढग दाटून आलेले होते, ऊन कसलं. मी म्हटलं, "नाना, चष्मा पुसा." मग संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या दिव्याकडे बघत म्हणाले, "विभा, दिव्याला खळं पडलंय बघ. चंद्राला पडतं तसं. उद्या पाऊस." ऋचानं वर पाहिलं. "आजोबा, देअर्स नथिंग देअर." नानांनी तिला खळं म्हणजे काय, ढगातल्या बर्फाच्या कणांनी ते कसं पडतं, सगळं समजावून सांगितलं. ती ऐकत होती आणि मधूनमधून दिव्याकडे बघत होती. म्हाताऱ्या वयात विनोद करायची हौस बरी आहे असं मला वाटलं. डोळे दाखवायला हवेत, मोतीबिंदू असेल.

आणखी एक. आईनं सकाळी हृदयाची गोळी काढून नानांच्या हातावर ठेवली. मी म्हटलं, "आज शनिवार ना?" तिनं जीभ चावली आणि गोळी परत ठेवली. "इथे रोज रविवारच वाटतो बाई," म्हणाली. हसले मी, पण मनात नोंद झाली. एकोणसत्तर पूर्ण झालीत तिला.

२८ जून, बुधवार

नाना डेअरीवर, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, पेपर आणायला गेले आणि परत येताना फूटपाथच्या कडेला खाली बसले. डेअरीचा मालक गुजराती आहे, भला माणूस, त्यानं दुकान पोरीवर सोडून त्यांना गाडीतून घरी आणलं. मला लॅबमध्ये फोन आला तेव्हा मी दुसऱ्या नळीचा भुगा काचेवर पसरत होते. मायक्रोस्कोपखाली काही हलत नव्हतं. मी शिरीषला सांगितलं तू जा, मला आत्ता निघता येणार नाही. हे लिहिताना बरं वाटत नाहीये, पण खरं तेच आहे.

३० जून, शुक्रवार

दवाखान्यात नेलं एकदाचं. तरुण डॉक्टर, गोड बोलणारा. उलट्या, भूक नाही, थकवा. म्हणाला पोटाची साथ चालूये, हीप्स ऑफ पीपल. पाणी पाजा. हृदयाची गोळी चालू आहे हे मी सांगितलं. त्यानं विचारलं, काही नवीन औषध सुरू केलंय का. मी म्हटलं नाही. नवीन काही नाहीच, सगळं पुण्याहून आलेलं, घरचंच. आईनंही मान हलवली.

बाहेर पडताना मी त्याला डोळ्यांबद्दल विचारायला विसरले. पुढच्या वेळी.

नळ्यांचे आणि वरून सोडतो त्या सांडपाण्याचे नमुने ग्लेनिसनं दुसऱ्या लॅबकडे सगळ्या तपासण्यांसाठी पाठवले. आमच्याकडून उपाय संपले.

४ जुलै, मंगळवार

हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसून लिहितेय. सकाळी न्हाणीघराच्या दारात नाना पडले. अॅम्ब्युलन्स आली. नाडी मिनिटाला चाळिसाच्याही खाली आणि तीही लंगडत. रक्त तपासलं तर डिगॉक्सिन भरमसाट निघालं. विष म्हणावं इतकं.

रजिस्ट्रार, म्हणजे वॉर्डची डॉक्टर, लहानखुरी मुलगी आहे, डोळे जागरणानं लाल. तिनं मला कॉरिडॉरमध्ये घेतलं आणि विचारलं, गोळ्या कोण देतं. मी आईकडे बोट केलं. मग ती म्हणाली, तिला विचाराल का, की चुकून दोनदा दिली जाते का? विसरून?

मीच भाषांतर केलं. शक्य तितक्या मऊ आवाजात केलं. आई खुर्चीत पर्स मांडीवर धरून बसली होती. तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग रजिस्ट्रारकडे, आणि परत माझ्याकडे. "दोनदा? मी का देईन दोनदा?" मग थोड्या वेळानं, "दिली असेन का गं?"

 मला शनिवारची गोळी आठवत होती. आणि मी ती रजिस्ट्रारला सांगितली, इंग्रजीत, आईच्या देखत. तिनं ते लिहून घेतलं.

५ जुलै, बुधवार

उतारा म्हणून इंजेक्शन असतं, ते दिलंय. नाडी थोडी वर आली. पण पंधरा दिवस पोटात अन्न नाही, किडन्या थकल्यात, आणि हृदय तर जुनंच. बघू या, असं म्हणतात सगळे. मला 'बघू या' चांगलं ओळखीचं आहे. लॅबमध्ये मी हेच म्हणते, काही कळत नसलं की.

प्रमोदला, माझ्या भावाला, पुण्याला फोन केला. तो रडायलाच लागला. कसं झालं, कसं झालं, एकच प्रश्न. मी सांगितलं, "आई विसरायला लागलीय रे. गोळ्या दोनदा जात असणार. आपलं लक्ष नव्हतं." आपलं म्हटलं खरं, पण ते वाक्य आईवर गेलं. तो म्हणाला, "तिच्या हातात द्यायलाच नको होत्या."

फोन ठेवला तर आई मागे उभी होती. चहा हवा का विचारायला आली होती.

७ जुलै, शुक्रवार

दुपारी ग्लेनिसचा फोन. रिपोर्ट आले, कोडं सुटलं. जूनपासून आम्ही जे सांडपाणी आणत होतो ते एका नव्या छोट्या प्लांटचं होतं. त्या प्लांटला वृद्धांच्या एका निवासाचं पाणी मिळतं. तिथे खोकल्याची साथ आली होती, सगळ्यांना अँटिबायोटिक दिलं गेलं. ते पाण्यातून आमच्या नळ्यांत उतरलं आणि पोरं मेली. विजेचा काही संबंध नव्हता. मला इतकं हलकं वाटलं की मी कॉरिडॉरमध्ये एकटीच हसले.

नाना जागे होते. आज आवाज जरा बरा होता. त्यांना माझ्या नळ्यांची गोष्ट आवडते, म्हणून खुर्ची ओढून सांगायला बसले. "म्हणजे झालं असं, नाना. पाण्यातून अँटिबायोटिक आलं. त्यानं जंतू मेले. औषध खायला कोणी उरलंच नाही. आम्ही रोज घालत होतो तेवढंच, जास्त नाही, पण खाणारेच मेल्यावर ते सगळंच्या सगळं..."

माझं वाक्य तिथेच राहिलं. नानांचे डोळे मिटलेले होते. "मग?" म्हणाले.

"मग काही नाही," मी म्हटलं. "पाणी पिता का?"

त्यांनी मान हलवली. मी त्यांच्या तोंडाला कप लावला आणि अर्धं पाणी त्यांच्या गळ्यावर सांडलं. ते पुसताना त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "थकलीस तू. घरी जा."

मी घरी गेले नाही. शहरात लॅबमध्ये गेले आणि जुनी जर्नल्स शोधली. सगळं वीस-पंचवीस वर्षांपूर्वी छापून झालेलं आहे. काही माणसांच्या आतड्यात एक जंतू असतो, तो डिगॉक्सिन निकामी करतो. अशा माणसांना डोस जास्त लागतो. त्यांना अँटिबायोटिक दिलं तर जंतू मरतो आणि तोच डोस विष होतो. उदाहरणादाखल दिलेल्या दोन औषधांमध्ये एरिथ्रोमायसिन होतं. मळमळ. पिवळं दिसणं. दिव्याभोवती वलय. माझ्याच विषयातलं, माझ्याच कपाटातल्या जर्नलमधलं. मी डॉक्टर आहे ती याच गोष्टीची.

आई दोनदा देत नव्हती. एकदाच देत होती. दुसऱ्यांदा मी दिली होती.

८ जुलै, शनिवार

रजिस्ट्रारला सांगितलं. तिनं लेख वाचला, मान हलवली, "दॅट मेक्स सेन्स," म्हणाली. उपचारात फरक पडत नाही म्हणाली. मग हळूच, तुम्ही मुद्दाम नाही केलंत. मी तिला म्हटलं, कृपा करून माझ्या आईबद्दल जे लिहिलंय ते खोडा. ती म्हणाली, खोडता येत नाही, खाली नवीन नोंद करते.

आईला आज सांगणार होते. ती नानांच्या पायांना तेल लावत बसली होती. नाना बरे झाले की दोघांना एकदमच सांगीन असं मी ठरवलं.

१० जुलै, सोमवार

नाना गेले. दुपारी. आधी लय बिघडली, मग बरीच माणसं धावत आली आणि आम्हाला बाहेर काढलं.

शिरीष, मी, आई. ऋचा शाळेत होती.

२४ जुलै, सोमवार

दिवस झाले. इथे घाट नाही, नदी नाही. एका हॉलमध्ये बटण दाबतात आणि पडदा सरकतो. बटण दाबायला शिरीषला सांगितलं, प्रमोदला व्हिसा वेळेत मिळाला नाही. तेराव्याला इथल्या मराठी मंडळातले लोक आले, डबे घेऊन. सगळे चांगले वागले. मंडळातल्याच सुलेखाताई आईला मिठीत घेऊन म्हणाल्या, "तुमच्या हातून झालं असलं तरी मनात ठेवू नका हो. या वयात होतं." त्यांना कोणी सांगितलं? मंडळात मी कोणाला सांगितलं नव्हतं. मग आठवलं, पहिल्या आठवड्यात शिरीषनं रजा मागताना काय झालं ते ऑफिसात सांगितलं होतं, तिथून मंडळात पोचलं असणार, आणि त्याला ते मीच सांगितलं होतं. त्या मायेनंच म्हणाल्या. आईनं मान खाली घालून त्यांना म्हटलं, "होय हो. कळलंच नाही मला."

मी शेजारी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. तोंड उघडलं आणि साखर कोणाकोणाला हवी ते विचारलं.

शिरीषला मी जर्नल सापडल्याच्या दुसऱ्याच दिवशी खरं सांगितलंय.  तो म्हणाला, "आईंना कळायला हवं, विभा. हे तुझं तूच सांगायचंस." माझ्यावर चिडला असता तर बरं झालं असतं.

का सांगत नाही मी? आधी वाटायचं, तिला आणखी धक्का नको. आता खरं लिहिते. तिनं माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघितलेलं मला सोसणार नाही. एवढंच आहे ते.

२ ऑगस्ट, बुधवार

अहवाल दिला. कमिटीला फार आवडला. नळ्या बंद पडल्या हेच महत्त्वाचं, म्हणाले, अँटिबायोटिक आलं की सगळी यंत्रणा कशी कोसळते हे तुम्ही दाखवलंत. दोन नव्हे, तीन वर्षं मिळणार. ग्लेनिसनं केक आणला होता. मी एक तुकडा खाल्ला आणि टॉयलेटमध्ये जाऊन बसले.

५ ऑगस्ट, शनिवार

आज सांगितलं.

आई नानांचे स्वेटर घडी करून बॅगेत भरत होती. एकोणीस तारखेला ती पुण्याला परत जातेय, अस्थी घेऊन. मी खाली तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं, एका दमात. त्यांच्या पोटात एक जंतू होता, तो गोळीतली बरीचशी खायचा, म्हणून डोस जास्त होता. मी खोकल्याची गोळी दिली, त्यानं तो मेला. तू एकदाच देत होतीस. तुझ्याकडून काहीही चुकलं नाही. माझ्याकडून चुकलं.

तिनं सगळं नीट ऐकलं. स्वेटरची बाही सरळ केली. मग माझ्या केसांवरून हात फिरवला.

"जंतू गोळी खातात होय," म्हणाली. "विभा, लोणच्याची बरणी माझ्या हातून फुटली तेव्हाही तू अशीच सासूबाईंपुढे उभी राहिलीस. मी फोडली म्हणालीस. सात वर्षांची होतीस. मार खाल्लास माझ्यासाठी."

"आई, हे तसं नाही. हे खरं आहे. छापलेलं आहे." मी लेख आणला. तिनं चष्मा लावून इंग्रजी ओळींवरून बोट फिरवलं, दोनतीन शब्द वाचले आणि कागद परत दिला. "तुझंच काम आहे ना हे? तुला काय, हवं तसं लिहिता येतं."

मी मोहनकाकांना फोन लावला. त्यांना आधीच कळवलं होतं. त्यांनी तिला सांगितलं, "वहिनी, विभा म्हणते ते बरोबर आहे. माझ्याही लक्षात यायला हवं होतं." आई "हो हो, भावजी" म्हणाली, तब्येत विचारली आणि फोन ठेवला. मला म्हणाली, "त्यांनाही तू तयार केलंस. किती करशील गं माझ्यासाठी?"

मग प्रमोद. त्याला सगळं समजावलं. तो म्हणाला, "ताई, तूच म्हणालीस ना, आई विसरते म्हणून? आता तिला वाचवायला बघतेस, ते ठीक आहे. मी काही बोलणार नाही तिला. इथे आली की गोळ्याबिळ्या मी माझ्याकडेच ठेवीन, बस."

मी ओरडले त्याच्यावर. शनिवारी चुकून काढलेली ती गोळी तिनं परत ठेवली होती, मी पाहिलं होतं, तिनं परत ठेवली होती. पुण्यात कोणीतरी दाराची घंटा वाजवली आणि तो म्हणाला, नंतर बोलू.

विद्यापीठात तीनशे मुलांना मी समजावून सांगते की जंतू औषध खातात. एकालाही शंका येत नाही.

१३ ऑगस्ट, रविवार

आई आता ऋचाला खोकल्याचं सिरप देत नाही. "आईकडून घे," म्हणते. दार लावलं का ते दोनदा बघते. शिरीषच्या डब्यात पोळ्या किती ठेवल्या ते त्यालाच मोजायला लावते.

आज म्हणाली, मी जायच्या आधी एकदा आमटी करते, तुम्हाला माझ्या हातची आवडते. फोडणीचा वास घरभर आला. मी टेबलाशी लॅबचे कागद बघत होते. जरा वेळानं कानावर आलं, "ऋचा, मी मीठ घातलं का गं?"

ऋचा टीव्हीपुढे होती. "आय डोंट नो, आजी. आय वॉझंट लुकिंग."

मी वर पाहिलं. आई मिठाचा चमचा हातात धरून शेगडीपाशी उभी होती. आमटी उकळत होती. तिनं चमचा भांड्यावर नेला, परत डब्यात रिकामा केला, परत भरला. मग शेगडी बंद केली आणि खुर्चीवर येऊन बसली.

"तू बघ बाई," म्हणाली. "माझा भरवसा नाही."

मी उठले, पळीनं थोडी आमटी हातावर घेतली आणि चाखली. मीठ होतं. अगदी बरोबर होतं, नेहमीसारखं. मी तसं तिला सांगितलं.

"तू काय," आई म्हणाली, "तू म्हणणारच."